मागच्या उजव्या दाराचं पाणी

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची या बंदराच्या गावी, किलुंगला. स्टेशनातून बाहेर पडले तेव्हा पाऊस होता, खोलीचं कुलूप उघडलं तेव्हा पाऊस होता, आणि आता हे लिहिते आहे तेव्हाही आहेच. आमच्या तौलियूत पाऊस आला की लोक दारात येऊन बघतात. इथे बहुतेक थांबला की बघत असतील. पण मला मजा वाटते आहे. गळक्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या बाईला याहून चांगलं गाव कुठलं मिळणार?

खोली तिसऱ्या मजल्यावर, खाली सुक्या माशांचं दुकान. खिडकीतून एका जहाजाचं धुराडं आणि खूप सारे ओले पत्रे दिसतात. बाबा गेल्यावर भावाने वर्कशॉप विकलं तेव्हा वाटलं होतं, अडतिसाव्या वर्षी आता कुठे जायचं. आज वाटलं, बरं झालं विकलं.

दुपारी गॅरेजवर जाऊन आले. येन मालक पन्नाशीचे, पोट सुटलेले, बोलायला गोड. बाईमाणूस बघून जरा थबकले. मग एका जुन्या व्हॅनचं दार उघडून म्हणाले, कुठून गळतंय सांग. मी वर्तमानपत्राची पट्टी फाडली, दारात धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. जिथे पट्टी अडते तिथे रबर धरतं, जिथे सुळकन निघते तिथे फट. तीन ओढींत जागा दाखवली. ते हसले आणि म्हणाले, उद्यापासून ये, आ-यून.

६ नोव्हेंबर

काम मनासारखं आहे. दिवसाला चार-पाच गाड्या, सगळ्यांची तक्रार एकच: पायाखाली पाणी. लोकांना वाटतं काच पाणी अडवते. काच काही अडवत नाही. तिच्यावरून ओघळलेलं पाणी थेट दाराच्या पोटात जातं आणि तळाच्या भोकांतून रस्त्यावर पडतं. भोकं बुजली, नाहीतर काच ज्या रबरी खाचेत सरकते ती कडक झाली, की पाणी गाडीत येतं. बाबा हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, मीही सांगते. कुणी ऐकत नाही.

फूकाका सत्तरीचे आहेत, फक्त काचेचं काम करतात. एका कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे मालक ओरडले तरी शांत असतात. मला पोरी म्हणतात. मालकीणबाई दुपारी सगळ्यांचं जेवण करतात. आज माशाच्या गोळ्यांचं सूप आणि भात. दोनदा घेतलं.

माझ्या आधी ची-वेन नावाचा कारागीर होता. त्याचे रबरी बूट अजून कपाटाशी पडले आहेत. फूकाका म्हणाले, हाताला कसलासा त्वचेचा आजार झाला म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी गावी गेला. मालकांनी लगेच विषय बदलला, मला म्हणाले पान्यांचा संच दाखवतो.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज एक करड्या रंगाची जुनी चारदारी आली. गाडीची मालकीण शिह पै-चन, तिशीची, परिचारिका आहे. टेकडीवरच्या घरांमध्ये अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची बँडेजं बदलायला जाते. तिथल्या गल्ल्या इतक्या चढाच्या आहेत की गाडीशिवाय औषधांची पेटी वर न्यायची म्हणजे दम निघतो. सोबत पाच वर्षांची मुलगी, ह्वेइ-ह्वेइ. तिला सांभाळायला कुणी नाही, म्हणून दिवसभर मागच्या सीटवर उजव्या दाराशी बसून चित्रं काढते आणि दुपारी काचेला गाल लावून झोपते.

तक्रार त्याच दाराची. काचेच्या कडेने पाणी येतं, सीट सतत ओली. गाडी महिन्यापूर्वी घेतली. कुणाकडून, असं विचारलं तर म्हणाली, याच गॅरेजकडून, येन मालकांनीच एका दलालामार्फत दिली, म्हणून तर हक्काने आणली. मला ताई म्हणाली. ह्वेइ-ह्वेइने मला विचारलं, माझ्या नखांत काळं का असतं. मी म्हटलं, त्यावरून कळतं की मी काम करते.

मालकांनी ती गाडी पाहिली आणि आत निघून गेले. मालकीणबाई रोज दारात उदबत्ती लावतात ती आज त्यांनी गाडीला वळसा घालून, भिंतीला चिकटून जात लावली. इतकी जागा असताना.

११ नोव्हेंबर

सकाळी ते दार उघडलं. जसं झालं तसं लिहिते, कारण हात तीनदा धुऊनही वास जात नाही आणि दुसरं काही सुचत नाही.

दाराचं आतलं आवरण काढलं की मागे प्लॅस्टिकचा कागद असतो, कडेने काळ्या चिकट गोंदाने बसवलेला. तो कागद फुगला होता, दुधाची पिशवी फुगावी तसा. खालचा कोपरा सोडवला आणि आतलं सगळं माझ्या हातांवर कोपरांपर्यंत आलं. पाणी नव्हे. पातळ पेजेसारखं, पांढरट, तारा सुटणारं. आणि कोमट. बाहेर थंडी, गाडी रात्रभर शेडमध्ये उभी, आणि दाराच्या पोटातलं पाणी माणसाने तोंडात धरून ठेवल्यासारखं कोमट.

वास फुलदाणीत पंधरा दिवस राहिलेल्या पाण्याचा. त्याखाली आणखी एक, न्हाऊन न वाळवता बांधून ठेवलेल्या केसांचा.

तळाची तीनही भोकं बुजली होती. मी हातमोजे घालत नाही, रबराच्या कडा बोटांना कळायला हव्यात. आत हात घालून बोळा पकडला आणि ओढला. केस होते. काळे, लांब, बुळबुळीत, ओढत गेले तशी लांबी संपेना. हाताएवढा पुंजका झाला. शेवटी जे आलं त्याला पांढरं काहीतरी चिकटलेलं होतं, उकडलेल्या अंड्याच्या सालीखालच्या पापुद्र्यासारखं. मी तो गोळा गटारात टाकला आणि मागे जाऊन ओकले.

मालक दहा हातांवरून म्हणाले, बायकांचे केस सगळ्याच गाड्यांत सापडतात. जवळ मात्र आले नाहीत.

भोकं साफ केली, दार धुतलं, नवा कागद बसवला. पाइप लावून पाव तास पाणी मारलं. एक थेंब आत नाही. पै-चन संध्याकाळी गाडी घेऊन गेली, खूश होती. जेवणात आज परत माशाचे गोळे होते. पांढरे, मऊ, तरंगणारे. भात नुसता खाल्ला.

१५ नोव्हेंबर

पै-चन परत आली. सीट परत ओली. मी पाहते तर ह्वेइ-ह्वेइ काचेच्या खालच्या कडेला जीभ लावून बसली होती. आईने ओढलं तर म्हणाली, हे पाणी गरम असतं. तिला उचलून मोरीवर नेलं आणि चूळ भरायला लावली, एक नाही, पाच. पै-चन बघत राहिली. मी म्हटलं, दारात जंतू असतात. खोटं नव्हतं.

बाहेरची रबरपट्टी बदलली. काच आणि दाराच्या मधली फट बारीक केली. आज तरी कोरडं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

कालपासून ऊन आहे. या गावात म्हणे नोव्हेंबरात असं ऊन पडत नाही. लोकांनी कठड्याकठड्यावर गाद्या टाकल्या आहेत, सगळा रस्ता अंथरुणांनी भरलेला. आणि पै-चनच्या गाडीत पाणी. दोन दिवस पाऊस नाही, गाडी धुतलेली नाही, आणि मागच्या सीटखाली तळहातभर पाणी.

गाडी ठेवून घेतली. काच ज्या खाचेत सरकते ती रबरी खाच पूर्ण काढायची ठरवलं. ते रबर चार वर्षं जुनं, कडक असायला हवं. सुजलं होतं. गुलाबी-करडं, ओलं, दात काढल्यानंतरची हिरडी असते तसं. अंगठ्याने दाबलं तर दबलं आणि कडेने पांढरं पाणी आलं, सोडलं तर परत फुगलं. मी चिमटा घेऊन काढायला लागले. वरच्या कोपऱ्यात, जिथे काच चौकटीला भिडते, तिथे रबरात काहीतरी रुतलं होतं.

नख. अर्धं तुटलेलं, मुळाशी वाळकं मांस, वर नारिंगी रंग लावलेला. शेजारी रबरावर उभे ओरखडे, खोल. सगळे आतल्या बाजूने.

कागदावर ठेवून मालकांना नेऊन दाखवलं. त्यांनी पाहिलं, माझ्या हातातला कागद माझ्याच बोटांनी मिटवला आणि म्हणाले, टाक कचऱ्यात, नवं रबर बसव, तिला काही बोलायचं नाही. हळू आवाजात, गोडच बोलले. मी नख टाकलं नाही, पुडीत बांधून खिशात ठेवलं. पण बोलले नाही. पै-चनला म्हटलं, रबर जुनं होतं, आता बदललंय. ती म्हणाली, ताई, तुम्ही आहात म्हणून बरं. पोरीला त्याच सीटवर बसवून घेऊन गेली.

मला ही नोकरी हवी होती. हे इथे लिहून ठेवते.

२० नोव्हेंबर

बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या आहेत. खूप वेळ पाण्यात राहिल्यावर पडतात तशा. काल सकाळपासून आहेत, आणि काल मी ओलं काम केलेलंच नाही. हात कोरडा पुसला की दहा मिनिटांत पुन्हा दमट. नखांच्या कडेने पाणी येतं. पुसलं, हुंगलं. फुलदाणी.

दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले बुरशी, मलम दिलं. मलम बोटावर टिकतच नाही, खालून पाणी येऊन तरंगतं.

दुकानातून आणलेलं डुकराचं मटण आणि भात समोर ठेवून बसले. चरबीचा तो थरथरणारा तुकडा पाहिला आणि डबा झाकून जिन्यात ठेवून आले.

२२ नोव्हेंबर

फूकाकांना गाठलं. ऐकू येणाऱ्या कानाशी जाऊन हात दाखवले. त्यांनी हातातली काच खाली ठेवली. मग सांगितलं.

सप्टेंबरच्या वादळात बोगद्यातला रस्ता भरला होता. ही गाडी दोन दिवस त्या पाण्यात होती. एक बाई मागच्या सीटवर होती. भाड्याने घेतलेली गाडी, ड्रायव्हर पुढच्या खिडकीतून निघाला, मागच्या काचा बंद पडल्या होत्या. पाणी ओसरल्यावर तिला काढलं. गाडी भंगारात जायची, येन मालकांनी ती उचलली. ची-वेनने आठवडाभर धुतली. उघड्या हातांनी.

फूकाका म्हणाले, त्याचेही हात असेच झाले होते, पोरी. मी मालकांना तेव्हाच म्हटलं होतं. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नसेल.

तशीच मालकांकडे गेले. ते हिशेबाची वही बाजूला सारून म्हणाले, बस. मी बसले नाही. विचारलं, माहीत असून ती गाडी लहान पोर असलेल्या बाईला दिलीत?

ते म्हणाले, “त्या बाईला मी मारलं का? पुराने मारलं. गाडीचा काय दोष? मी तर दार बदलणार होतो, पण या मॉडेलचं मागचं दार कुठे मिळत नाही.”

मी म्हटलं, तिची नखं त्या दारात होती.

“असतील,” म्हणाले. “धुऊन काढलंय सगळं. तुला कळत नाही आ-यून, या गावात प्रत्येक गोष्ट कधी ना कधी पाण्यात बुडालेली असते.”

मालकीणबाई पडद्यामागे उभ्या होत्या. त्यांचे पाय दिसत होते.

२३ नोव्हेंबर

ची-वेनच्या गावचा फोन नंबर फूकाकांनी दिला. बहिणीने उचलला. तो नऊ तारखेला गेला. डॉक्टर म्हणाले फुफ्फुसांत पाणी. घर डोंगरात आहे, आजूबाजूला नदी नाही, तळं नाही, तो तर आठ दिवस अंथरुणातून उठलाच नव्हता. ती म्हणाली, आम्ही त्याच्या गाद्या पिळल्या. आईने आणि मी, दोन्ही टोकांनी धरून. मग विचारलं, तुमचं गॅरेज समुद्राच्या अगदी काठावर आहे का? मी हो म्हटलं. तिला काहीतरी कारण हवं होतं.

मी फोन ठेवला. फोनवर माझ्या हाताचं ओलं उमटलं होतं, बोटांच्या सगळ्या सुरकुत्यांसकट.

२५ नोव्हेंबर

पै-चनच्या घरी गेले. ती दारातच होती, ह्वेइ-ह्वेइला सोबत कामावर नेण्यासाठी बूट घालत होती. पोरीचा उजवा गाल पाहिला. पांढरा पडला होता, सुरकुतलेला, म्हाताऱ्या बाईच्या गालासारखा, आणि बाकी सगळा चेहरा पाच वर्षांचा.

पै-चन म्हणाली, थंडीने झालंय, मलम लावते आहे. मी माझे हात पुढे केले. ती परिचारिका आहे. तिने हात धरले, उलटे केले, नखांच्या कडा दाबून पाहिल्या. पाणी आलं. तिने तिच्या बाहीला पुसलं आणि हुंगलं, आणि तिचा चेहरा बदलला. हा वास तिच्या गाडीत महिनाभर होता.

मी सगळं सांगितलं. ओळीने, काही न वगळता, मी अठरा तारखेपासून गप्प राहिले हेही. मग पुडी टेबलावर ठेवून उघडली.

ती मोरीकडे गेली, ओकण्याचा आवाज आला, नळ चालू झाला, बराच वेळ चालू राहिला. परत आली तेव्हा ओल्या तोंडाने म्हणाली, “सात दिवस, ताई. सात दिवस ती तिथे झोपत होती आणि तुम्हाला माहीत होतं.”

मी मान हलवली.

“उद्या सकाळी सहा म्हाताऱ्यांची बँडेजं बदलायची आहेत. आन नावाची म्हातारी तर चौथ्या टेकडीवर राहते.” औषधांची पेटी हाताने उचलून पाहिली. “चालत जाईन.”

चावी तिने हातात दिली नाही. टेबलावर ठेवली आणि बोट मागे घेतलं.

२६ नोव्हेंबर

गाडी मोडीत काढायला नेली. आधी हातमोजे घ्यायला गॅरेजवर थांबले, निघताना मालक शेडच्या दारात आडवे उभे राहिले, म्हणाले भंगारवाल्याकडे नेलीस तर तुझी नोकरी गेली. मी म्हटलं, बाजूला व्हा, नाहीतर हा हात तुमच्या तोंडाला लावीन. बाजूला झाले. फूकाका माझ्याशेजारी येऊन बसले, न विचारता, मोजे घालून.

वाटेत सगळ्या काचा उघड्या ठेवल्या होत्या. मागची उजवी बोगद्यापाशी आपोआप वर गेली. आम्ही दोघांनीही मागे वळून पाहिलं नाही.

यंत्राने गाडी दाबली तेव्हा तीन दारं नुसती चुरगळली. चौथ्यातून पाणी आलं. बादली, दोन बादल्या, मग मोजणं सोडलं. एवढं त्या दारात मावतच नाही. पांढरं, वाफा येणारं, केसांचे झुबके घेऊन सिमेंटवर पसरत गेलं. यंत्रावरचा माणूस तोंडाला फडकं लावून ओरडला, काय भरून आणलंत यात? मग सगळं थांबलं. लोखंडाचा ठोकळा कोरडा होता.

फूकाका म्हणाले, संपलं, पोरी.

हात तसेच आहेत.

२८ नोव्हेंबर

नोकरी गेली. खोलीतच. डाव्या हाताची दोन नखं आज निघाली. दुखलं नाही. हातमोजा काढताना मोज्यातच राहिली. खाली लाल नाही, पांढरं, ओलं, आणि मधोमध टाचणीएवढं भोक. त्यातून थेंब. पुसला की दुसरा.

अंथरुणाला वास. उशी बाहेर टाकली.

दुपारी शेजारीण जिन्यात नाक धरून म्हणाली, खालच्या दुकानात मासे सडले वाटतं. मी म्हटलं, हो.

३० नोव्हेंबर

आज अंगाला पावडर लावली. गळती शोधायला गाडीच्या दाराला लावतो तशी, हातांना, छातीवर, मानेवर, सगळीकडे पातळ थर, आणि आरशासमोर बसून राहिले. कुठे रेष उमटते बघायला. आधी काखेत उमटली. मग कानामागे. मग नाकाच्या दोन्ही बाजूंनी, खाली हनुवटीपर्यंत. पंधरा मिनिटांत पावडरचं पीठ झालं होतं. स्वतःच्या अंगावरचं ते पीठ बोटाने निपटलं आणि—

नको.

मला माझी किळस येते. हे आधी कधी झालं नव्हतं. स्वतःला स्पर्श न करता बसायला जमत नाही, कुठे ना कुठे आपलंच अंग आपल्याला लागतं.

१ डिसेंबर

खोकले. तोंडात केस आला. ओढला. आला, आला, घशातून, पोटातून— कात्रीने कापला. उरलेला आत गेला. गिळला गेला.

फूकाका आले होते, दार उघडलं नाही. म्हटलं, हातमोजे काढू नका. एवढंच. त्यांना ऐकू गेलं का कळलं नाही.

२ डिसेंबर

पै-चन आली. दाराबाहेर उभी राहिली. मी आतून म्हटलं, उघडत नाही, हात लावू नकोस दाराला. ती म्हणाली, ह्वेइ-ह्वेइचा गाल परवापासून सुकायला लागला, आज साल निघाली, खाली चांगली कातडी आहे. पोरगी बाहेरच होती. ऐकू आलं, तिने विचारलं, यून-मावशी आंघोळ करते आहे का?

आतून पाण्याचा आवाज येत असणार.

पै-चन बराच वेळ गेली नाही. मग म्हणाली, “ताई, मी तुमच्यावर रागावले होते. आता नाही. दार उघडा, मी मोजे आणलेत, मला बघू द्या.”

मी उघडलं नाही. ती उघडायला लावील म्हणून तोंड उशीत— उशी नाही. गुडघ्यांत दाबून बसले. गेली ती. भांडं ठेवून गेली. सूप होतं. झाकण काढलं नाही पण गरम होतं, भांडं धरून बसले.

गाल सुकला. बरं झालं.

३ डिसेंबर, सकाळ

आत ती आहे. मागच्या सीटवरची.

आधी वाटलं पोटात गोळा. मग सरकला. बरगड्यांवरून, आतून, एकेक मोजत, जिना चाचपत चढावं तसं. थांबते. दाबते. पुढे. जिथे दाबते तिथून पाणी येतं.

घाबरलेली नाही ती. घाई नाही. आधी केली असेल, आता नाही.

दुपार

गळ्यापर्यंत. श्वास अर्धाच. पेन घसरतं. कागद ओला, मागच्या पानावरची अक्षरं पुढे आली आहेत.

फूकाकांना निरोप— ज्याने मला उचलायचं त्याने मोजे. मोरीत ओतू नका. कुठेच ओतू नका. वाळवा. उन्हात—

ऊन नाही.

दुपार, नंतर

डावा कान बंद. आतून टिचकी. एक. मग उजवा. तिथे नाही गेली. तोंड मी बांधलं आहे, फडक्याने, घट्ट. नाक चिमट्याने. बोलायचं तर नाहीच आता. श्वास— फडक्यातून थोडा.

परत वर.

डाव्या डोळ्याने धूसर. आरशात पाहिलं. पांढऱ्या भागात मागून काहीतरी टेकलं, बोटाच्या टोकाएवढं, सरकलं. डोळ्याच्या कडेने चाचपते आहे. एका कोपऱ्यापासून. वरची पापणी. दुसरा कोपरा. खालची. मी तळहाताने दाबून धरलं आहे, उजव्या हाताने लिहिते, तळहाताखाली कोमट

थांबली. कोपऱ्यात. तिथेच

ढकलते